ग्रेप: जुळणाऱ्या ओळी शोधणाऱ्या आज्ञेचा इतिहास

तुमच्यापुढे हजारो ओळींची फाइल आहे आणि तिच्यातील विशिष्ट शब्द असलेल्या ओळीच हव्या आहेत, असे समजा. कमांड लाइनवर ‘ग्रेप’ ही आज्ञा, तो शब्द आणि फाइलचे नाव लिहिले की जुळणाऱ्या ओळी पडद्यावर येतात. या आज्ञेची गरज कशी निर्माण झाली, हे समजण्यासाठी आधी एक जुना वाद पाहू.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये ‘फेडरलिस्ट’ नावाने ओळखले जाणारे ८५ निबंध टोपणनावाने प्रसिद्ध झाले. लेखक तिघे होते: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. त्यांपैकी १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९६४ मध्ये फ्रेडरिक मोस्टेलर व डेव्हिड वॉलेस यांनी शब्दांच्या वारंवारतेवरून ते मॅडिसनचे असल्याचा निष्कर्ष काढला. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन सर्रास वापरी, मॅडिसन क्वचितच.

पुढे बेल लॅब्जमधील ली मॅकमहन यांनाही याच निबंधांचा अभ्यास संगणकावर करायचा होता. युनिक्सच्या ‘एड’ या संपादकात शब्द शोधण्याची सोय होती. पण सुमारे एक मेगाबाइटचा हा मजकूर त्यात मावेना. त्या काळी मेमरी किलोबाइटमध्ये मोजली जाई.

केन थॉम्पसन यांनी एडमधील शोधाचा भाग वेगळा काढून स्वतंत्र प्रोग्रॅम केला. त्याची रीत साधी होती: एक ओळ वाचायची, नमुन्याशी ताडायची, जुळली तर छापायची आणि पुढच्या ओळीकडे वळायचे. संपूर्ण फाइल मेमरीत ठेवण्याची गरजच उरली नाही. एडमध्ये हेच काम ‘जी/आरई/पी’ या आज्ञेने होई: ‘ग्लोबल’ म्हणजे फाइलभर, ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणजे शोधाचा नमुना आणि ‘प्रिंट’ म्हणजे छापा. त्यावरूनच ‘ग्रेप’ हे नाव पडले. १९७३ च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ही आज्ञा आढळते.

मेमरीच्या टंचाईतून आलेली हीच रीत आज कित्येक गिगाबाइटच्या फाइलींसाठीही उपयोगी पडते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्रेपला ‘मोज’ म्हटले, तर ती जुळलेल्या ओळी मोजते, शब्द नव्हे. एका ओळीत ‘अपॉन’ दोनदा आला तरी मोजणीत एकच भर पडते. लेखक कोण, हे ठरवताना एवढा फरकही महत्त्वाचा ठरू शकतो. म्हणून आकडा वापरण्यापूर्वी तो नेमका कशाचा आहे, हे तपासून पाहा.