घारापुरीची दुसरी टेकडी

भंडारा जिल्ह्यातील चिखला येथील उपासकांसमवेत आम्ही एका सकाळी मुंबईच्या गेटवेवरून लाँचने घारापुरीस गेलो. सुमारे तासाभराचा जलप्रवास. बहुतेक प्रवासी पश्चिमेकडील टेकडीवरील शैव लेणी पाहून सायंकाळी परततात. पूर्वेकडील टेकडीवर मात्र विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत; म्हणूनच तिला ‘स्तूप टेकडी’ म्हणतात.

“ती मोठी लेणीही मुळात आपलीच ना?” एका उपासकाने विचारले. आम्हांस नाही म्हणावे लागले. पुराव्यावाचून केलेला दावा ‘एहिपस्सिक’ धम्मास शोभत नाही. आणि त्याची गरजही नाही. सोपाऱ्याचा विटांचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उघडला, तेव्हा आतील दगडी पेटीत करंडक व आठ बुद्धमूर्ती मिळाल्या. चिखल्याच्याच जिल्ह्यात, पवनी येथे, १९६९-७० च्या उत्खननात स्तूप व ब्राह्मी लेख उजेडात आले. सागरतीरापासून वैनगंगेपर्यंतचा हा वारसा निर्विवाद आहे.

घारापुरीस जाणाऱ्या धम्मबांधवांनी या दुसऱ्या टेकडीचेही स्मरण ठेवावे. दुरून वंदन करावे. परंतु आठवण म्हणून तेथील वीट उचलू नये. तीच आपली साक्षीदार आहे.