माथेरानमधील वाहनमुक्त रस्ते

माथेरानमधील वाहनमुक्त रस्ते हे रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या पठारावरील लाल मातीचे मार्ग आहेत. पर्यटकांची मोटारवाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून बाजारपेठेकडे व कड्यांवरील 'पॉइंट'कडे पायी, घोड्यावर किंवा रिक्षाने जावे लागते. नेरळहून येणारी अरुंदमापी रेल्वे मात्र बाजारपेठेपर्यंत जाते.

इतिहास

ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे ठिकाण प्रकाशात आणले. नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला.

हातरिक्षांचा प्रश्न

मोटारबंदीमुळे वनराई व शांतता टिकली. परंतु चढउतारांवर प्रवाशांना ओढून नेण्याचे कष्ट हातरिक्षा चालकांच्या वाट्याला आले. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा व चालकांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला.