घोड्याचा तंग आणि मंगळयान

माळेगावच्या जत्रेत एक जण घोड्याचा तंग आवळत होता. पट्टा पुढच्या पायांमागून, अगदी काखेला लागून पोटाखालून घेतला आणि खोगिराशी आणून ताणला. मुखेडहून नुसती घोडी बघायला गेलेला मी तिथंच थबकलो. यास्काच्या निरुक्तात नुकतंच वाचलं होतं: 'कक्ष्या' म्हणजे घोड्याची दोरी, कक्षाला, म्हणजे काखेला, धरून राहते ती. आणि आर्यभट ग्रहांच्या वाटेला काय म्हणतो? कक्ष्याच!

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 1150 मध्ये भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणी', मग आपली 'कक्षा', आणि 24 सप्टेंबर 2014 ला मंगळयान मंगळाच्या कक्षेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं तर वळशाचं नावच काखेतून निघालं.

पण संस्कृतात राजवाड्याच्या चौकालाही कक्ष्या म्हणतात. एकात एक चौक, तशा चंद्रापासून शनीपर्यंत एकाबाहेर एक वाटा, असं कुणी म्हटलं तर पटकन खोडता येत नाही. आपण 'कायद्याच्या कक्षेत' म्हणतो तेव्हा बोलतं ते हे आवारच. तेवढं मी सोडून देतो. तरी आर्यभट कक्ष्येच्या जोडीला 'प्रतिमंडल' ठेवतो. बोलणं वर्तुळाचं चाललंय, तिथं वाड्याचा चौक कशाला येईल? चौकाला चार कोपरे. तंग मात्र अंगाभोवती फिरून निघाला तिथंच परततो.

शिवाय तंग कधी नीट गोल नसतो. घोड्याच्या अंगाप्रमाणे लांबट होतो. मंगळयानाची कक्षाही तशीच लांबट: मंगळाच्या सर्वांत जवळ सुमारे 422 किलोमीटर, सर्वांत लांब जवळजवळ 77 हजार. लांबून अख्खा मंगळ एका चित्रात मावे. हवेची चव घ्यायला जवळच यावं लागे. मिथेन शोधायला एक उपकरण होतं, आणि वरच्या विरळ हवेत काय काय आहे ते मोजायला दुसरं. या दुसऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं 'मेन्का' झालं. अप्सरा आठवली नाही असा मराठी माणूस विरळाच.

यास्कापासून आर्यभटापर्यंत हजारभर वर्षं जातात. एवढ्या काळात घोड्याची दोरी आकाशात नेली कुणी? माझ्या मते ज्याला रात्री तारे बघायचे आणि पहाटे घोड्यावर खोगीर चढवायचं, अशाच कुणीतरी.