हिमनदीचें उधाण

नदीला पूर येतो हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु बर्फाच्या नदीलाही उधाण येतें, असें सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटेल. काराकोरम पर्वतांतील कांहीं हिमनद्या अनेक वर्षें मंदगतीनें सरकतात आणि मग एकाएकीं दहापट, प्रसंगीं शंभरपट वेगानें धावूं लागतात. वरचें बर्फ खालीं उतरतें, तेथील पृष्ठभाग खचतो, मुखाकडील भाग फुगतो आणि सर्वांगास भेगा पडतात. तळाशीं कोंडलेलें पाणी हें ह्या उधाणाचें एक प्रमुख कारण होय.

श्योक नदीवरील चोंग कुमदान हिमनदीनें असेंच पुढें सरकून नदीचा मार्ग अडविला. बर्फाच्या त्या बांधामागें सुमारें १६ किलोमीटर लांबीचें सरोवर सांचलें. १९२८ सालीं फ्रँक लडलो ह्यांनीं तो दुर्गम प्रदेश चढून तें प्रत्यक्ष पाहिलें. केनेथ मेसन ह्यांनीं जुन्या पुरांच्या नोंदी जुळविल्या. १९२९ च्या ऑगस्टांत बांध फुटला, आणि ज्या अटकेचें नांव मराठी माणसाच्या तोंडीं आजही आहे, त्या अटकेपर्यंत सिंधूचें पाणी चढलें.

त्या काळीं एका हिमनदीची वार्ता आणण्यास एका माणसाला जिवावर उदार व्हावें लागे. १९७२ सालीं पहिला लँडसॅट उपग्रह आकाशांत गेला आणि हें चित्र पालटलें. दोन तारखांच्या छायाचित्रांत एकच भेग किती सरकली हें मोजलें कीं वेग कळतो. दोन काळच्या उंचीच्या नकाशांची वजाबाकी केली कीं बर्फ कोठें खचलें व कोठें सांचलें तें दिसतें. रडारला तर ढग व रात्र ह्यांचाही अडथळा नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकास विशेष मौज वाटते ती हिमनदीच्या पाठीवरील दगडमातीच्या वळणदार पट्ट्यांची. उपनदीच्या पूर्वीच्या उधाणांचा तो तिनें स्वतःच लिहून ठेवलेला दप्तरच होय.

तथापि पाहणें म्हणजे टाळणें नव्हे. हुंझा खोऱ्यांतील शिश्पर हिमनदीला २०१८ सालीं उधाण आलें व तिनें शेजारच्या हिमनदीचा ओढा अडविला. तिची प्रत्येक हालचाल उपग्रहांनीं टिपली. तरीही मे २०२२ मध्यें सरोवर फुटून हसनाबादचा पूल वाहून गेला. बर्फाला कोणी थांबवूं शकत नाहीं. पण आकाशांतून दिसलेला धोका खालच्या गांवांतील घराच्या उंबरठ्यापर्यंत वेळेवर पोंचविणें मात्र माणसाच्या हातीं आहे, आणि लडलोंच्या काळाहून आपण खरोखर पुढें गेलों कीं नाहीं, हें त्यावरूनच ठरेल.