शाळेत आई भांडली, कॉलेजात मुलगा

मंडळी, ज्यांची मुलं इथे अमेरिकेत कॉलेजला निघाली आहेत आणि ज्यांना डिस्लेक्सिया, एडीएचडी, कमी ऐकू येणं असं काही आहे, त्या आईबाबांसाठी ही पोस्ट.

परवा एक मैत्रीण म्हणाली, "शाळेत आयईपी होता तो ठीक. कॉलेजला कशाला सांगायचं? उगाच शिक्का बसतो." तिला एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते.

कॅलिफोर्नियातला एड रॉबर्ट्स. १९५३ साली, चौदाव्या वर्षी त्याला पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळजवळ लुळं. रात्री झोपायचं ते 'आयर्न लंग'मध्ये, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या भल्यामोठ्या लोखंडी टाकीत. हायस्कूल संपताना शाळा म्हणे, पीटी आणि ड्रायव्हिंगचा क्लास झालेला नाही, डिप्लोमा मिळणार नाही! त्याची आई झोना भांडली आणि तिने डिप्लोमा मिळवलाच.

१९६२ साली एड बर्कलीच्या विद्यापीठात आला. ती टाकी होस्टेलमध्ये ठेवणार कुठे? शेवटी कॅम्पसवरच्या कॉवेल हॉस्पिटलात त्याची राहायची सोय झाली. त्याच्यामागून असेच आणखी विद्यार्थी आले. 'रोलिंग क्वाड्स' हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं. आपल्याला काय लागतं ते आपल्यालाच माहीत, असं म्हणत १९७० साली त्यांनी विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी सेवाकेंद्र उभं केलं. मदतनीस मिळवून देणं, राहायला जागा शोधणं, व्हीलचेअर दुरुस्त करणं, सगळं तिथे होई. आजच्या डिसेबिलिटी ऑफिसांची मुळं अशा केंद्रांत आहेत.

१९७३च्या कायद्यात कलम ५०४ आलं: केंद्र सरकारचा पैसा घेणारी संस्था अपंगत्वामुळे कुणाला डावलू शकत नाही. पण नियमांवर सहीच होईना! एप्रिल १९७७मध्ये ज्युडी ह्यूमन आणि शंभरावर लोक सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत जाऊन बसले, ते जवळजवळ चार आठवडे. फोन तोडले, तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप देत. ब्लॅक पँथर्सनी जेवण पुरवलं. २८ एप्रिलला सही झाली. पुढे १९९०च्या एडीएने हा हक्क आणखी रुंद केला.

आता आपल्या कामाचं. आयईपी हायस्कूलबरोबर संपतो. शाळेत मुलांची अडचण ओळखणं हे शाळेचं काम असतं. कॉलेज स्वतःहून विचारत येत नाही. विद्यार्थ्यानेच डिसेबिलिटी ऑफिसात नोंदणी करायची, रिपोर्ट द्यायचे, काय हवं ते सांगायचं: परीक्षेला जादा वेळ, नोट्स घ्यायला मदत, पुस्तकांच्या ऑडिओ प्रती. हे मार्कशीटवर येत नाही. आणि परीक्षेत नापास झाल्यावर सांगितलं, तर झालेली परीक्षा सहसा परत मिळत नाही. म्हणून प्रवेश पक्का झाला की लगेच.

शाळेत झोना भांडली, कॉलेजात मात्र एडने स्वतः मागितलं. आपल्या मुलांनाही तेच शिकवायचंय, आणि त्यासाठी आधी आपणच कुजबुजत बोलणं थांबवायला हवं.

मैत्रिणीच्या लेकीने काल फॉर्म भरला. तिचा तिनेच. आई फक्त कपाटातून जुने रिपोर्ट काढून देत होती.