खोडदची दुर्बीण आणि फुप्फुसातील गाठ

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी 1961 मध्ये स्टॅनफर्ड येथे रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे पीएच.डी. पूर्ण केली. आकाशातील स्रोताची पट्ट्यापट्ट्यांनी घेतलेली मोजमापे जुळवून त्याचे सलग चित्र कसे उभारावे, याचे गणित ब्रेसवेल यांनी 1956 मध्ये मांडले होते, आणि 1967 मध्ये रिडल यांच्यासह विकसित केलेली त्यांची पद्धत पुढे सीटी स्कॅनच्या, म्हणजे क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराचे आडवे छेद दाखवणाऱ्या तंत्राच्या कामी आली. खोडदच्या माळाचे रुग्णालयाशी असलेले हे नाते फारसे कोणी सांगत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव हे डबेवाल्यांसह अनेक कष्टकऱ्यांना मुंबईला पाठवणारे तालुके असल्याने, दाटीवाटीच्या खोल्यांत सहज पसरणारा क्षय हा येथील घरांना परका राहिला नाही. देशात 1955 ते 1958 या काळात झालेल्या क्षय-पाहणीत छातीच्या फोटोत दोष दिसलेल्यांपेक्षा थुंकीत जंतू सापडलेल्यांची संख्या पुष्कळ कमी भरली, आणि 1962 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने थुंकीच्या तपासणीला मध्यवर्ती स्थान दिले. तो निर्णय दूरदृष्टीचा होता, असेच म्हणावे लागते.

सीटीने छेद स्पष्ट केले, तरी फुप्फुसात दिसणारा दोष क्षयाचा की आणखी कशाचा, हा संभ्रम सरला नाही. क्षयजंतूंभोवती दाहपेशींचे कडे तयार होऊन बनणारी गाठ, जिला ट्युबरक्युलोमा म्हणतात, कधी काटेरी कडांची असते, तिच्यासोबत लसिकाग्रंथीही सुजतात, आणि असे चित्र कर्करोगाचेही असू शकते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 मध्ये सुरू झालेल्या पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर जास्त शोषणाऱ्या पेशी उजळतात. परंतु दाहपेशीही साखर भराभर वापरत असल्याने क्षयाची गाठही तितकीच उजळू शकते आणि ती कर्करोगाची वाटू शकते. उलट, कर्करोगाला क्षय समजून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या गेल्यास उपचाराची वेळ निघून जाते, आणि ही चूक अधिक घातक आहे.

म्हणून सुईने काढलेल्या तुकड्याचे दोन भाग करावे लागतात: एक फॉर्मॅलिनमध्ये, पेशी पाहण्यासाठी, आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, जंतूंची वाढ करून पाहण्यासाठी, कारण फॉर्मॅलिनमध्ये क्षयजंतू मरतात आणि सगळा नमुना त्यात गेला तर ती वाढ करून पाहण्याची शक्यता उरत नाही.