मेट्रनबाईंची खुर्ची

बुलढाण्याच्या स्त्री रुग्णालयात किंवा खामगावच्या सामान्य रुग्णालयात आपलं माणूस भरती असलं की गणवेशातली प्रत्येक बाई आपल्याला ‘सिस्टर’. पण त्यांच्यात पायऱ्या आहेत. खाटेजवळ येते ती अधिपरिचारिका. वॉर्ड सांभाळते ती परिसेविका, म्हणजे इनचार्ज सिस्टर. ड्यूट्या, औषधं, चादरी, सामानाची नोंदवही सगळं तिच्याकडे. त्यांच्या वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. सलाईन संपलं आणि कुणी बघेना, तर डॉक्टरांना शोधत फिरू नका, इनचार्ज सिस्टरला गाठा.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं हातात दिवा घेतलेलं चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलं. मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांची शाळा काढली आणि परिचारिकांवर हुकूम मेट्रनचाच चालेल, असा आग्रह धरला. कचेऱ्यांत बाई साहेब दिसत नव्हती, तेव्हा रुग्णालयात बाईला अधिकाराची खुर्ची मिळाली.

आपल्याकडे त्या खुर्चीवर बरीच वर्षं गोऱ्या बायाच होत्या. शिकायला आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून काशीबाई गणपत यांचं नाव घेतात, साल १८९१. पण परक्याचं मलमूत्र काढायचं, कुठल्याही जातीच्या माणसाला शिवायचं, रात्री घराबाहेर राहायचं, हे ‘चांगल्या घरच्या’ बाईचं काम नव्हे, असं लोक म्हणत. (घरी सासूसासऱ्यांचं तेच सगळं करणारी बाई मात्र गुणाची!) रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि पुढे ससून रुग्णालयात मुलींच्या नर्सिंग शिक्षणाची सोय केली. त्यांत तरुण विधवाही होत्या. जिच्या वाट्याला माजघराचा कोपरा होता, तिच्या हाती पगार आला.

गावात मात्र मेट्रन नाही. मैदानी भागात ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात ३,००० ला. तिथली नर्सबाई बहुतेक वेळा एकटीच असते. अडचण सांगायला आरोग्य सहाय्यिका, पण तिच्याकडेही अनेक उपकेंद्रं. म्हणून रात्री-बेरात्री तिचं दार वाजवताना गटातली एखादी बाई सोबत थांबली, तर तिलाही आधार होतो.

आणि लेकीला नर्सिंगला घालताय? १९६६ च्या कायद्याने महाराष्ट्रात परिचारिकेची परिषदेकडे नोंदणी होते. फी भरण्याआधी संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, ते कागदावर बघा. ती नसेल तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नसेल तर सरकारी दवाखान्यात नोकरीही नाही.